उरफाटं चाक

फळीवरचा चौदावा पेला केतकीनं उपडा करून पाहिला आणि बाजूच्या टोपलीत टाकला. तीच चीर. बुडाच्या मधोमध, झोपलेल्या गोमेसारखी, डोकं एकीकडे अन् शेपूट दुसरीकडे वळवून पडलेली. वरून पाहावं तर पेला असा, की हातात घेतल्यावर खाली ठेववू नये. कड पातळ, पोट भरलेलं, बोटांच्या रेषा वाळूवरच्या लाटांसारख्या एकीमागून एक. आणि खाली ही गोम.

वीस केले होते, सहा राहिले. गेल्या खेपेला सात राहिले होते, त्याआधी नऊ.

गडहिंग्लजच्या बाहेर, हिरण्यकेशी नदीच्या अलीकडच्या माळावर तिची ही पत्र्याची शेड. इथं ती अठरा वर्षं चाकावर बसत आली होती. अठरा वर्षांत तिची भांडी वाकली, फुगली, एकदा तर मांजरानं उडी मारून अख्खी फळी आडवी केली. पण बुडाला चीर जाणं हा शिकाऊ हाताचा रोग. बूड नीट दाबलं नाही की सुकताना माती आपापल्या वाटेनं आक्रसते आणि मधे फाटते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची, बूड दाबा. आता तिच्याच पेल्यांचं बूड फाटत होतं, आणि तिला सांगायला कोणी उरलं नव्हतं.

म्हणजे एकजण होता. नचिकेत दारात येऊन उभा राहिला, त्यानं टोपलीकडे पाहिलं आणि किती गेले ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं हातातल्या डिजिटल पाटीवर तो आकडा टिपला.

नचिकेत तिचा नवरा, आणि शेडच्या मागं उभ्या असलेल्या यंत्राचा जन्मदाता. यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. गावात सगळे त्याला उलटी भट्टी म्हणत, आणि ते नाव अगदी बरोबर होतं.

माती म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यांच्या चळती. या पापुद्र्यांच्या अंगातच पाणी असतं. भिजवल्यानं येतं ते नव्हे, तर हाडांत मुरलेलं. भट्टीत आच चढत गेली की हे आतलं पाणीही निघून जातं आणि मातीचं खापर होतं. मग ते खापर कितीही भिजवा, कुटा, मळा, त्याची पुन्हा माती होत नाही. म्हणजे होते, पण तिच्या सवडीनं. जुनी वीट हवेतला ओलावा कणाकणानं परत अंगात घेत राहते, शेकडो वर्षं, आणि तेवढी तेवढी जड होत जाते. नचिकेतनं ही शेकडो वर्षं नऊ दिवसांत बसवली होती. उन्हावर तापलेली वाफ, बंद टाकीतला दाब आणि थोडं खारट रसायन. एका तोंडानं कुटलेलं खापर घालायचं. दहाव्या दिवशी दुसऱ्या तोंडानं लापशीसारखा लगदा यायचा, बोटांना चिकटणारा, चाकावर उभा राहणारा. झिलई नसलेलं, मंद आचेवर भाजलेलं खापर तेवढं त्याला चालायचं. लगद्याला नाव पडलं होतं, परतमाती.

तलावांतला गाळ उपसायला बंदी आली त्याला आता चौथं वर्ष होतं. छोट्या स्टुडिओंनी उन्हावर चालणारी भट्टी घेतली, हात धुतलेलं पाणी निवळून पुन्हा वापरलं, विषारी रंग सोडले. एवढं सगळं केलं, आणि मातीच मिळेना. चारशे स्टुडिओ या उलट्या भट्टीची वाट पाहत होते. केतकीच्या शेडमधली चाचणी संपून तीस तारखेला नचिकेतचा अहवाल सरकारी विभागाकडे जायचा होता.

त्या अहवालात एक रकाना होता: फुटीचं कारण. त्यापुढे दोनच पर्याय होते, मालाचा दोष किंवा कारागिराची चूक. नचिकेतनं दुसऱ्यावर खूण केली होती. तिनं ती त्याच्या खांद्यावरून पाहिली होती.

आज टोपली उचलून बाहेर नेताना तिनं विचारलं, की माझं नाव घालून चारशे जणांना सांगणार आहेस का, हिला हात चालवता येत नाही म्हणून.

नचिकेतचा आवाज चढत नसे. त्यानं समजावून सांगितलं. पहिली दोन वर्षं एक चीर गेली नव्हती. माती तपासली, तीच आहे. यंत्र तेच, पाणी तेच. केतकी म्हणाली, खापर बदललंय. पहिली दोन वर्षं शेडमागचा तिच्याच फुटक्या भांड्यांचा ढीग वापरला. तो मार्चमध्ये संपला आणि कुंभारवाड्यातलं खापर सुरू झालं. त्यानं मान हलवली. दोन्हींची चाचणी त्यानं तीनदा केली होती. काडीचा फरक नव्हता.

"मग उरलं काय, केतकी?" तो म्हणाला. "तुझी आई गेल्यापासून तुझं लक्ष नसतं. मी दोष देत नाही. पण नसतं."

तिनं टोपली खापराच्या ढिगावर रिकामी केली. आवाज झाला तो तिला बरा वाटला.

कुंभारवाड्यातलं खापर हौसाक्का घेऊन यायची. सत्तरीची बाई, अंगानं काटकुळी, हाताचे पंजे मात्र पुरुषाला लाजवतील असे. रिक्षात फुटके माठ, कुंड्या, सुगडं भरून आणायची आणि त्या बदल्यात परतमातीची पोती घेऊन जायची. तिचा मुलगा मल्लाप्पा त्याच मातीचे माठ घडवायचा. दुपारी ती आली, तेव्हा केतकीनं विचारू नये ते विचारलं. तुमच्याकडे किती फुटतात?

"आमच्यात?" हौसाक्का म्हणाली. "येक न्हाई फुटलं. झ्याक माती हाय की."

नचिकेत यंत्रापाशी होता. त्यानं ऐकलं आणि केतकीकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात विजय नव्हता, माया होती. तिला तीच जास्त लागली.

ती चिडून चाकावर बसली. पाहुणी आली तर चहा टाकावा, एवढंही तिला सुचलं नाही. हौसाक्कालाही त्याचं काही नव्हतं. तिनं बादली उपडी घातली, तिच्यावर बसली, आणि पोत्यातला एक गोळा काढून सवयीनं मळायला लागली. मळता मळता तोंडातल्या तोंडात म्हणत होती:

पायानं तुडविते, बाई, गाऱ्याची मी दाटी
फिरतं धन्याचं चाक, माझी त्याला पाठी.

केतकीच्या हाताखाली माती उभी राहत होती. हौसाक्काचे हात हळूहळू थांबले. ती उठली, चाकाजवळ आली, वाकून पाहू लागली.

"थांब, थांब. अगं, तुजं चाक उरफाटं फिरतंय."

केतकी म्हणाली, आक्का, माझं चाक पहिल्यापासून असंच फिरतं. कॉलेजात अशीच चाकं होती, सगळ्या स्टुडिओंत अशीच असतात.

"सगळ्या म्हंजे? आमचं न्हाई फिरत. चाक कसं, देवाला प्रदक्षिणा घालावी तसं जातं. तुजं देवळातनं मागं पळत सुटलंय." मग तिनं बाहेरच्या ढिगावरून एक फुटका पेला उचलून आणला, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि तिचं हसू गेलं. "ही गोम बघ, लेकी. मातीला एकीकडं जायाचंय, तू तिला दुसरीकडं वढतीस. मधी फाटंल न्हाई तर काय करंल ती?"

नचिकेतनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. हसला नाही, हसला असता तर केतकीला भांडता आलं असतं. तो म्हणाला, खापर कुटतो, चाळतो, नऊ दिवस टाकीत घुसळतो. एकेक दाणा हजारदा उलटापालटा होतो. मडकं कुठल्या दिशेनं फिरलं होतं, हे त्या दाण्याला कुठून ठाऊक? केतकीला फक्त एवढं कळत होतं, की चिरेवर अंगठा फिरवताना त्या बाईचा चेहरा बदलला होता, आणि पाटीवर आकडा लिहिताना नचिकेतचा बदलला नव्हता.

दोन दिवस ती तशीच धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी टाकी धुवायची होती. झाकणाचे बोल्ट काढता काढता एक तिच्या मातकट हातातून निसटला, तिनं तो झेलला, तर उलटा हाती आला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग आडवा धरला, मग पुन्हा उभा.

तिनं नचिकेतला हाक मारली आणि बोल्ट त्याच्या हातात दिला.

"याचं मळसूत्र कुठल्या हाताचं?"

"उजव्या."

"आता उलटा धर."

त्यानं धरला. बराच वेळ तो बोल्ट बोटांत फिरवत राहिला. उभा, आडवा, डोक्यावर. पेच उजव्या हाताचाच राहत होता. बोल्ट कसाही पडला तरी डाव्या हाताचा होत नव्हता.

मग त्याचा त्यालाच उलगडा होत गेला आणि तो भराभर बोलू लागला. चाकावर माती वर उचलली जाते तेव्हा पापुद्रे नुसते आडवे बसत नाहीत, पिळाच्या वाटेवर बसतात, मळसूत्रासारखे. वाफ खापराच्या दाण्यात शिरते, पण सगळीकडे शिरत नाही. मधे न उघडलेली बेटं राहत असतील. त्या बेटांत जुना पिळ तसाच. दाणा कसाही पडो, पिळाचा हात बदलत नाही. चाचणीत ते दिसणार नाही, कारण रसायन तेच. पहिली दोन वर्षं केतकीचंच खापर केतकीच्याच चाकावर गेलं, म्हणून चीर गेली नाही. आता एका पिळाच्या मातीवर दुसरा पिळ चढतोय. सुकताना दोन्ही सुटू पाहतात, आणि बुडाच्या मधे, जिथं धरून ठेवणारं काही नसतं, तिथं—

तो थांबला.

"असू शकतं," तो म्हणाला. "असू शकतं म्हणजे आहे, असं नव्हे."

बेटं मोडतील इतकं बारीक दळता येईल का, तिनं विचारलं. येईल, तो म्हणाला. पण मग नवी माती दुरून आणायला लागेल त्याहून जास्त ऊर्जा दळण्यालाच जाईल. मग ही उठाठेव कशासाठी?

केतकीच्या चाकाखाली दिशा बदलायचं एक बटण होतं. अठरा वर्षांत तिनं ते कधी दाबलं नव्हतं. त्या दिवशी दाबलं, आणि गोळा मधोमध आणायला बसली.

माती हातातून निघून गेली. पुन्हा बसवली, पुन्हा गेली. डाव्या हाताला सवय येणाऱ्या मातीला अडवायची. आता माती पळून जात होती आणि हात रिकाम्या जागेवर दाब देत होता. आत कुठला हात, बाहेर कुठला, हे तिला थांबून आठवावं लागे, आणि आठवेपर्यंत भिंत कलंडलेली असे. दोन दिवसांत तिनं वीस पेले केले, त्यातले अकरा चाकावरच कोसळले. उरलेले नऊ लहान मुलानं घडवल्यासारखे, एकीकडे जाड, एकीकडे पातळ. त्यांच्याकडे पाहून तिला लाज वाटली. पण सुकल्यावर नऊच्या नऊ अखंड राहिले.

ते तिनं नचिकेतपुढे मांडले. त्यानं एकेक उपडा करून पाहिला आणि मान हलवली. बुडं बोटभर जाड, जाड बूड एरवीही टिकतं. शिवाय संख्या फक्त नऊ. मल्लाप्पाचे माठही पुरावा होत नाहीत. त्याचा हात सरावलेला आहे, म्हणून टिकतात असंही म्हणता येईल.

"मग तुला काय हवं?" ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "चांगलं केलं तर फुटतं म्हणून माझी चूक. वाईट केलं तर टिकतं, तीही माझीच?"

"तुझ्या हाताला एका बाजूची सवय आहे. मल्लाप्पाच्या हाताला दुसऱ्या बाजूची," नचिकेत म्हणाला. "मातीची जाण असलेला, पण चाकाची कुठलीच सवय नसलेला हात दाखव. तोच हात दोन्हीकडून चालव. मग मी मानेन. असा हात जगात कुठं असतो, सांग."

केतकी आधी रागानं उठून गेली. अंगणात गेल्यावर ती जागीच थांबली. असा हात होता. साठ वर्षं मातीत होता, आणि चाकाला एकदाही लागला नव्हता.

हौसाक्कानं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं. आमच्यात बाई चाकाला शिवत नाही, ती म्हणाली. सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. रोज हळदकुंकू वाहायचं, पाया पडायचं, हात लावायचा नाही. माती तुडवली, मळली, ओल्या माठाला फळीनं थापटून थापटून पोट आणलं, पण चाकाच्या अंगाला हात नाही. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि नव्हती असंही म्हणवत नव्हतं.

केतकीनं आग्रह केला नाही. तसा तिला हक्कही नव्हता. ती नुसतं म्हणाली, ठीक आहे आक्का, आणि पोती रिक्षात ठेवायला लागली.

हौसाक्का मात्र रिक्षाकडे गेली नाही. ती केतकीच्या चाकाभोवती हळूहळू एक फेरी मारून आली. वायर पाहिली, प्लग पाहिला, पायाखालची पट्टी पाहिली.

"ह्याला चाक कोन म्हनतं गं?" ती म्हणाली. "दांडा न्हाई, खुट्टा न्हाई, दगडाचं न्हाई, लाकडाचं न्हाई. ह्यो मिक्सर हाय. मिक्सर तर आमच्या सुनंकडं बी हाय."

आणि लुगडं खोचून ती बसली.

पणत्या करायच्या ठरल्या, कारण पणतीहून सोपं काही नाही. पहिल्या पाच-सात तिच्या हातातच मेल्या. तिनं मातीला, चाकाला आणि नचिकेतच्या यंत्राला सारख्याच शिव्या घातल्या. मग मातीनं तिला ओळखलं म्हणावं की तिनं मातीला, पण दुपार कलेपर्यंत फळीवर चोवीस पणत्या होत्या. बारा एका दिशेनं, बारा दुसऱ्या. दोन्हीकडच्या सारख्याच वाकड्या. हौसाक्काला दोन्ही दिशा तितक्याच परक्या होत्या. तिनं मधेच विचारलंही, आता कुठल्या अंगानं फिरतोय ह्यो मिक्सर?

नचिकेतनं स्वतः प्रत्येकीच्या कडेला बारीक आकडा कोरला आणि कुठला आकडा कुठल्या दिशेचा ते फक्त स्वतःपाशी ठेवलं. पणत्या मिसळून सावलीत मांडल्या. जाताना हौसाक्कानं बजावलं, मल्लाप्पाला सांगू नका. रिक्षा सुरू झाल्यावर मान बाहेर काढून म्हणाली, सांगितलं तरी चालेल.

पाच दिवस केतकीनं त्या फळीकडे पाहिलं नाही. सव्वीस तारखेला सकाळी नचिकेतनं एकेक पणती उपडी केली. फुटक्या एकीकडे, अखंड दुसरीकडे. मग पाटी काढून आकडे जुळवले. केतकी दारात उभी होती. त्यानं पहिल्यापासून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"तुझ्या दिशेच्या बारांतल्या दहा गेल्या," तो अखेर म्हणाला. "दुसऱ्या बारांतली एकही नाही."

तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण रडू किंवा ओरडू. तसं काही झालं नाही. ती आत आली, त्याच्या शेजारी स्टुलावर बसली, आणि म्हणाली, खूण काढ.

त्यानं काढली. मग पहिल्या पर्यायावर करायला गेला आणि थांबला. मालाचा दोष म्हणावं, तर माती चांगली होती. कुंभारवाड्यात तिचे माठ होत होते. तिसरा पर्याय नव्हता. त्यानं दोन्ही रिकामे ठेवले आणि खाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की चाचणी आखताना चाकाची दिशा आपण विचारात घेतली नाही, ही चूक आखणाऱ्याची आहे. त्याखाली आपलं नाव घातलं. चाचणीच्या कारागिराचं नाव लिहिताना त्यानं हौसाबाई कुंभार असं लिहिलं. चाकावरचा अनुभव किती वर्षं, तर शून्य. ते शून्य केतकीला खुपलं. तिनं शेजारी लिहायला लावलं: मातीतला, साठ वर्षं.

"आता शिफारस," नचिकेत म्हणाला. त्याला हुरूप आला होता. राज्यातलं झिलईविना भाजलेलं जवळजवळ सगळं खापर कुंभारांच्या चाकावरचं, म्हणजे एकाच पिळाचं. माती बदलायची गरजच नाही. त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "परतमाती वापरणाऱ्या स्टुडिओंनी चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवावं. बघ, एका ओळीत सुटलं. बहुतेक चाकांना बटण असतंच."

केतकीनं आपले हात पाहिले. अठरा वर्षं. चारशे स्टुडिओंतले असे किती हात, कोणाची तीस वर्षं, कोणाची चाळीस. चूक हातांची नव्हती हे आता कागदावर आलं होतं, आणि बदलायचं मात्र हातांनाच होतं.

ती उठली, चाकापाशी गेली, बटण दाबलं आणि गोळा आपटून बसवला. पाण्यात हात बुडवले. माती पळाली. तिनं ती खरवडून काढली, पुन्हा आपटली. नचिकेत पाटी घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. तिनं त्याला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला.

माती क्षणभर मधोमध आली, आणि तिनं उसंत घेतली तेवढ्यात कलंडली.

"केतकी," तो जपून म्हणाला, "इथं सरावाचा कालावधी विचारलाय. सरावलेल्या कारागिराला नवी दिशा जमायला किती दिवस लागतात. मी काय लिहू? तीन महिने?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"माहीत नाही, नचिकेत. तेच लिही."

"विभागाला असं चालत नाही. आकडा लागतो."

"मग अहवालावर माझी सही मिळणार नाही."

तिनं पुन्हा गोळा बसवला. तिचे केस कपाळावर आले होते आणि ते मागं सारायला मोकळा हात नव्हता. तिच्यामागं पाटीवर बोट टेकल्याचा बारीक आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. तिनं वळून पाहिलं नाही. नचिकेत सावकाश, एकेक अक्षर करत, आकड्याच्या रकान्यात माहीत नाही असं लिहीत होता.